पापण्यांतील धागा
(वार्षिक सभेत नेत्रविभागातर्फे केलेले निवेदन)



बाळ जन्मले की घरची मंडळी विचारतात, "डोळे उघडले का?" क्वचित एखाद्या बाळाच्या वरच्या व खालच्या पापण्यांच्या कडा बारीक धाग्याने जोडलेल्या असतात आणि डोळा पुरता उघडत नाही. या दुर्मीळ जन्मजात दोषाविषयी आम्ही आज चार शब्द बोलू इच्छितो.

गर्भावस्थेत सुमारे नवव्या आठवड्यात आपणा सर्वांच्याच पापण्या एकमेकींस जुळतात आणि पाचव्या ते सातव्या महिन्यात विलग होतात. विलग होताना एखादा तंतू मागे राहिला, म्हणजे हा दोष दिसतो. १८८१ साली हास्नर या नेत्रवैद्याने त्याचे वर्णन केले. ग्रहणात विळी हाती धरल्याने असे घडते, हा समज निराधार आहे. त्यापायी कोणत्याही मातेस बोल लावू नये, ही आमची कळकळीची विनंती.

चिपडांनी चिकटलेल्या पापण्या उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या स्वच्छ बोळ्याने सुटतात. हा धागा सुटत नाही. अशा वेळी पापण्या बोटांनी ताणू नयेत, काजळ अथवा अंगावरचे दूध डोळ्यांत घालू नये. चिपडे वारंवार येत असतील, तर तेही डॉक्टरांना दाखवावे.

उपचार अगदी लहान आहे. धाग्याखाली बोथट उपकरण सरकवून बुबुळाचे रक्षण करायचे आणि कात्रीने धागा कापायचा. रक्त जेमतेम थेंबभर येते. बहुधा भूल द्यावी लागत नाही. मात्र विलंब झाल्यास, डोळा निरोगी असूनही त्याची दृष्टी मंद राहू शकते, कारण पाहण्याची सवय मेंदूला याच वयात लागते. शिवाय काही बाळांत या दोषासोबत दुभंगलेली टाळू, हृदयविकार किंवा गुणसूत्रांतील दोष आढळतो. म्हणून धागा कापला तरी बाळाची संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे.

नवजात अर्भकांतील जन्मजात दोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. तरीही दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्यास येणाऱ्या ओल्या बाळंतिणीस प्रत्येक फेरी जड जाते. कात्रीला खर्च फारसा नाही. खर्च आहे तो या प्रवासाचा, पुढील तपासण्यांचा आणि पुनर्भेटींचा. आपली देणगी तेथे पोहोचावी, अशी आमची प्रार्थना आहे.

बाळाने प्रथम आईकडे पाहावे, यात उशीर होऊ नये, एवढेच मागणे.