सही करणारीला आधी वाचून दाखवा



आज मी एकाच कागदाविषयी बोलणार आहे, विवाहपूर्व कराराविषयी.

आपल्या घरांत लग्न ठरलं की याद्या होतात. कागदाला हळदकुंकू लावतात, वर 'श्री' लिहितात आणि खाली ओळीने उतरतं : कार्यालयाचा खर्च कोणाचा, मानपान किती, दागिने कोणी घालायचे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सह्या करतात. म्हणजे लग्नाआधी लिहून ठेवणं आपल्याला परकं नाही. फक्त त्या कागदावर नवरानवरीची सही नसते, आणि पुढे घर कोणाचं, कर्ज कोणाचं, हे त्यात नसतं. तो विषय काढला की माणसं दुखावतात. 'आत्ताच मोडायचं बोलता?' असं विचारतात.

गोव्यात मात्र हा विषय कायद्यानेच काढून ठेवला आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे 1870 पासून लागू झाली. 1961 च्या मुक्तीनंतर, 1962 च्या कायद्याने ती चालू राहिली. तिच्यानुसार वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची आधीची आणि नंतरची मालमत्ता एकत्र येते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा होतो. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. म्हणून तर आपल्या खरेदीखतांवर नवराबायको दोघांच्या सह्या असतात. कारभार नवऱ्याच्या हाती देणारं कलमही त्याच संहितेत आहे. तो तिचा मोठा दोष आहे. तरीही निम्म्या हिश्श्याची ती वाट पुष्कळ बायकांचा शेवटचा आधार ठरलेली मी पाहिली आहे.

ही वाट नको असेल तर लग्नापूर्वी अधिकाऱ्यापुढे रीतसर दस्त करावा लागतो. सगळं वेगळं ठेवता येतं, किंवा आधीचं वेगळं आणि लग्नानंतर मिळवलेलं एकत्र. एकदा लग्न झालं की त्यात बदल नाही. दोघांनी मिळून मागितला तरी नाही.

पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात गेलं की चित्र उलटं होतं. बांद्याच्या किंवा सावंतवाडीच्या हिंदू मुलीला लग्नाने नवऱ्याच्या मालमत्तेत निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. तिथे करार तिच्या उपयोगी पडला असता, पण तिथे न्यायालयं अशा कराराकडे साशंकतेने पाहत आली आहेत. नवऱ्याने कायम सासुरवाडीत, सासूच्या सांगण्यात राहावं, असा लग्नाआधीचा करार 1901 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने निरर्थक ठरवला. 1872 च्या करार कायद्याचं तेविसावं कलम, सार्वजनिक धोरणाचं, आजही आडवं येतं. मुसलमानांच्या निकाहनाम्यात मेहर आणि अटी लिहिण्याची वाट आहे, ती वेगळी.

तेव्हा एकच कागद नाक्याच्या एका बाजूला बाईला देऊ शकतो, तर दुसऱ्या बाजूला तिच्याकडून काढून घेऊ शकतो. हे ध्यानात न घेता 'करार आधुनिक, करार चांगला' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका घराचं काम माझ्याकडे होतं. मुलाचं दुकान होतं, बागायत होती. 'सगळं वेगळं' असा मसुदा मी इंग्रजीत तयार केला. नवरी सिंधुदुर्गातली, मराठी शाळेत शिकलेली. दस्ताच्या आदल्या दिवशी संध्याकाळी होणाऱ्या सासूबरोबर ती आली. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिने मला एवढंच विचारलं, 'सही खंय करू?' मी पानावर बोट ठेवलं. कायद्यात माझं काही चुकलं नव्हतं, मी मुलाचा वकील होतो. बारा वर्षांनी ती दोन मुलांना घेऊन माझ्याच पायऱ्या चढून आली. त्या बारा वर्षांत ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसली होती. तिला वाटत होतं, निम्मं तिचं आहे. तिच्या पुढ्यात मला माझाच मसुदा वाचून दाखवावा लागला.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. मुलीचा वकील वेगळा असल्याशिवाय करार लिहीत नाही. मजकूर तिला कळेल त्या भाषेत, घरच्यांना बाहेर बसवून, वाचून दाखवतो. आणि लग्न हाकेवर आलं असेल तर काम घेत नाही. गोव्यात लग्नाच्या सिव्हिल नोंदणीत पहिली सही आणि दुसरी सही यांत काही दिवस जातात. लोक ते दिवस खरेदीत घालवतात. करार करायचा तर तो त्याच्याही आधी, पत्रिका छापण्यापूर्वी, दोघांनी एकमेकांसमोर आपली मिळकत आणि आपली कर्जं मांडून करावा.

सीमेपलीकडे लग्न होणाऱ्यांनी तर आपल्याला कोणता कायदा लागू होईल, हे आधी विचारलंच पाहिजे. 2019 साली जोस पावलो कुटिन्यो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लावली. या संहितेचा प्रश्न आता गोव्यापुरता उरलेला नाही.

सहकाऱ्यांनो, उद्या तुमच्यापुढे असा मसुदा आला आणि समोरची मुलगी 'सही कुठे करू' एवढंच विचारू लागली, तर पेन बाजूला ठेवा. तिला कागद घरी न्यायला सांगा आणि तिच्या वकिलासोबत पुन्हा बोलवा.