ज्ञानाच्या वहीतील पावती
(इतवारी, नागपूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



इतवारीतील पेढी सराफाची असो की किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याची, कीर्दीतील प्रत्येक रकमेमागे पावती असावी लागते. व्यापारी कितीही सचोटीचा असला, तरी पावती नसलेली नोंद हिशेबतपासणीत टिकत नाही. ज्ञानव्यवहाराचाही हाच नियम आहे. प्रबंधातील विधान ही नोंद आणि संदर्भ ही तिची पावती.

ही शिस्त पाश्चात्त्य विद्यापीठांकडून उसनी घेतलेली आहे, असा एक समज आहे. तळटीप आणि पृष्ठांक या सोयी आधुनिक खऱ्या; त्यांमागील वृत्ती मात्र आपल्याकडे प्राचीन आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकल्य, गार्ग्य, शाकटायन आदी दहा पूर्वाचार्यांचा नामनिर्देश केला. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून आधी मांडावे आणि मगच आपला सिद्धान्त सांगावा, ही शास्त्रग्रंथांची रीत होती. पूर्वसूरींचे देणे मान्य करणे हीच ऋषिऋणाची जाणीव होय.

याचे उत्तम उदाहरण नागपूरच्या शेजारीच आहे. रामटेक म्हणजे मेघदूतातील रामगिरी, असे येथे घरोघरी सांगितले जाते. विद्यार्थी निबंधात लिहून मोकळा होतो, की हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. कोणाच्या संशोधनाने? कशाच्या आधारे?

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून या प्रश्नाचा कसून विचार केला. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे मिळालेल्या तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीच्या पादमूलापासून दान दिल्याचा उल्लेख आहे. मात्र त्या ताम्रपटात कालिदासाचे नाव नाही. वाकाटकांच्या राज्ञीला रामगिरीचे देवस्थान पूज्य होते, ही ताम्रपटाची साक्ष. ते स्थान म्हणजे रामटेक आणि तेच कालिदासाचे रामगिरी, हा संशोधकाचा निष्कर्ष. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट मानले. काही विद्वानांनी सरगुजातील रामगढचा पक्ष घेतला. मिराशींनी अशा मतांचा परामर्श घेऊनच आपले मत मांडले. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेख कोठे सापडला, पूर्वी कोणी वाचला, हे सांगून मूळ पाठ आणि भाषांतर स्वतंत्रपणे दिले आहे. वाचकाला मिराशींशी मतभेद दर्शविता यावा, याची सामग्री स्वतः मिराशींनीच पुरविली आहे.

म्हणून विद्यार्थ्याने साक्ष आणि अनुमान वेगळे ठेवावे, मताच्या मागे नाव लावावे, विरोधी मत दडवू नये. यामुळे रामटेकचे माहात्म्य उणावत नाही. उलट पुराव्यावाचून केलेली बढाई पहिल्याच प्रश्नाला कोसळते आणि आपल्याबरोबर खऱ्या गौरवालाही हास्यास्पद करते.

टिपण काढतानाच ग्रंथकार, ग्रंथ, आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ लिहून ठेवावे. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत द्यावेत. विचार स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी मूळ विचारवंताचा निर्देश करावा. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला असेल, तर तसे सांगावे. आता संगणकाला प्रश्न विचारताच निबंध तयार होतो आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावेही त्यात सफाईने गुंफलेली असतात. जो ग्रंथ डोळ्यांनी पाहिला नाही, तो संदर्भसूचीत नसावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांहून अधिक आढळल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० टक्क्यांवर गेल्यास एक वर्षापर्यंत तो पुन्हा सादर करता येत नाही. ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. परंतु यंत्र केवळ शब्दांचे साम्य पकडते. शब्द बदलून चोरलेला विचार त्याच्या नजरेतून सहज सुटू शकतो. तेथे पहारा विवेकाचाच.

स्वतःच्या भूमीचा अभिमान असणाऱ्याने तर अधिक काटेकोर असले पाहिजे. त्याच्या विधानावर पुढच्या पिढीतील कोणी तरी विसंबणार आहे. त्याच्या हाती ज्ञानाची वही जाईल, तेव्हा तिच्यातील प्रत्येक नोंदीची पावती जागेवर सापडली पाहिजे.