रात्री साडेनऊचा फोन

(१९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘वाचन आणि मनाचं आरोग्य’ हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आपल्या वर्गात दोन डॉक्टर आहेत, एक प्राध्यापिका आहे. मी लेथवर काम करणारा माणूस. निबंधात मला दहापैकी पाचच्या वर गुण कधी पडले नाहीत, आणि ते देणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. पण आयोजक म्हणाले, तुला जे झालं ते सांग, बाकी काही नको. म्हणून उभा आहे.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि पाच माणसं. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडून जॉबवर्क घ्यायचो. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. पुढे शटर उघडलं, पण ऑर्डरी पूर्वीसारख्या आल्या नाहीत. जुनी बिलं अडकली होती आणि बँकेचा हप्ता मात्र कधी अडकत नव्हता. २०२१च्या पावसाळ्यात मशीनं विकली. ती टेम्पोत चढली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. घरच्यांना वाटलं, बरं सावरलंय यानं. काहीच न वाटणं हीच सुरुवात होती, हे फार नंतर कळलं.

मग पहाटे तीनला जाग यायला लागली. दाढी करायचा कंटाळा, जेवणाला चव नाही, फोन वाजला की छातीत धडधड. या सगळ्यापेक्षा मला घाबरवलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. शाळेपासून माझी सवय होती, झोपण्याआधी दहा पानं तरी वाचायची. वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्येसुद्धा व्हर्नियरशेजारी एक पुस्तक असायचं. एका रात्री पुस्तक उघडलं आणि पहिल्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. पुन्हा. अक्षरं ओळखू येत होती, शब्द कळत होते, पण चौथ्या ओळीपर्यंत गेलं की पहिली निसटलेली असायची. अर्ध्या तासानं पुस्तक मिटलं आणि मनात म्हटलं, चला, हेही संपलं.

बायकोनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या बाकावर ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मी मास्क जरा जास्तच वर ओढून बसलो होतो. त्या काळात मास्कची तेवढी सोय होती. डॉक्टरांनी विचारलं, “काय करायला आवडतं?” म्हटलं, “वाचन.” “आता वाचता?” “जमत नाही.” ते म्हणाले, “जमणारच नाही. लक्ष न लागणं हा या आजाराचाच भाग आहे. ताप आला की तोंडाची चव जाते, तसं. ताप उतरला की येईल.” हे ऐकून मला जेवढं हलकं वाटलं, तेवढं पुढचे तीन आठवडे गोळ्यांनीही वाटलं नाही. म्हणजे मी आळशी झालो नव्हतो, माझी बुद्धी गेली नव्हती. आजारी होतो.

तेव्हापासून ‘मन उदास असेल तर पुस्तक वाचा’ असं कुणी सहज सांगितलं की मला राग येतो. पाय मोडलेल्याला ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ म्हणण्यातलाच तो प्रकार. माझ्या हितचिंतकांनी तर सहा पुस्तकं आणून दिली. सगळी यशस्वी कसं व्हावं, सकारात्मक विचार कसा करावा याची. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्याचं वर्कशॉप नुकतंच विकलंय त्याच्या उशाशी यशाची सहा पुस्तकं रचून ठेवणं म्हणजे काय, ते एकदा विचार करून बघा.

अशात एका रात्री साडेनऊला आपल्या वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. नाव घ्यायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद आहे, आणि तो आत्ता मागच्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. दहावीनंतर आमचं बोलणं म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, तेवढंच. बायकोनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो मला म्हणाला, “तू काही बोलू नकोस. फोन कानाला लाव आणि पडून राहा. मी वाचतो.”

पहिल्या दिवशी त्यानं पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’ काढलं. मला हसवायचं होतं त्याला. पण मला ते सोसेना. दुसऱ्याच्या घरची वरात आपल्या बंद खिडकीखालून जावी तसं वाटत होतं. पु. लं.चा त्यात काही दोष नाही. आज मी तेच पुस्तक वाचून पोट धरून हसतो. तिसऱ्या रात्री मी त्याला थांबवलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग आपल्याकडचंच काहीतरी वाचतो.” आणि त्यानं व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सुरू केली.

आता ‘बनगरवाडी’ ही काही मन प्रसन्न करणारी कादंबरी नव्हे. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, हळूहळू वाडीचा होतो, तालीम बांधून घेतो. म्हातारा कारभारी जातो, शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. बायको आतल्या खोलीतून ऐकत असायची. ती एकदा म्हणाली, “अहो, तुमच्या मित्राला सांगा की, काहीतरी चांगलं वाचा. आजारी माणसाला दुष्काळ कसला ऐकवताय?” पण मला तोच हवा होता. आपण माणदेशाच्या कडेला वाढलेली माणसं. टँकरची रांग, छावणीतली जनावरं, कुलूप लावून मुंबईला गेलेली घरं आपण पाहिली आहेत. इतक्या माणसांचं सगळं जातं आणि लेखक ते आवाज न चढवता सांगतो, ‘हिंमत धर’ असं एकदाही म्हणत नाही, याचा मला आधार वाटत होता. माझं वर्कशॉप गेलं ही गोष्ट तेवढीच मोठी राहिली, पण जगात ती एकटी उरली नाही.

कारभारी गेला त्या रात्री मी रडलो. मशीनं गेली तेव्हा न आलेलं रडू एका पुस्तकातल्या म्हाताऱ्यासाठी आलं. मित्र फोनवर होता. त्यानं ‘रडू नकोस’ म्हटलं नाही. म्हणाला, “थांबू का पुढं वाचू?” म्हटलं, “वाच.”

यात नेमकं काय घडत होतं, यावर मी नंतर बराच विचार केला. आजारी मन रवंथ करतं. तोच हप्ता, तीच चूक, तोच अपमान, पुन्हा पुन्हा. ‘विचार करू नकोस’ म्हटल्यानं ते थांबत नाही. त्याच्या तोंडात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. गोष्ट ते काम करते, कारण ‘पुढे काय’ हा प्रश्न ती सोडत नाही. माझ्या दिवसाला तेव्हा आकारच उरला नव्हता, आणि साडेनऊ ही एकच वेळ अशी होती की जिची मी वाट बघायचो. शिवाय स्वतःबद्दल काहीही न बोलता माणसाजवळ बसता येत होतं. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नव्हतं. ज्यानं हे भोगलंय त्याला कळेल, ही किती मोठी सुट्टी असते.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, आता दिवसा स्वतः अर्धं पान वाचा, जास्त नाही. मी भाचीच्या कपाटातून भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणला. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. पहिलीतल्या पोरासारखं ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. अर्ध्या पानाचं एक पान व्हायला महिना गेला. पन्नाशी ओलांडलेला माणूस बोट ठेवून फास्टर फेणे वाचतोय, हे बघून भाची हसली आणि मग तिनं दुसरा भाग आणून दिला. गोळ्या पुढे चौदा महिने चालू होत्या, सकाळचं चालणंही. पुस्तकांनी मला बरं केलं असं मी म्हणणार नाही. गोळ्यांना काम करायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ पुस्तकांनी मला धरून ठेवलं.

मित्राचं वाचणं ऐकताना सुरुवातीपासून काहीतरी ओळखीचं वाटत होतं. पूर्णविरामाला नीट थांबायचा, संवाद आला की आवाज बदलायचा नाही, फक्त वेग बदलायचा. एके दिवशी लक्षात आलं. ही तर आपल्या ग्रंथालयाच्या सरांची पद्धत! आठवतंय ना? ऑफ तासाला सर यायचे, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवायचे आणि वाचायला लागायचे. ‘श्यामची आई’ त्यांनी आपल्याला आठवीत वाचून दाखवली. ते पुस्तक साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, हे सरांनीच सांगितलं होतं. आणि त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत, कारण श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री गोष्ट सांगतोय. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर श्यामच्या रडण्याची नक्कल करत होतो. सर, तेव्हा तुम्हाला दिसलं होतं की नाही माहीत नाही. आज माफी मागतो.

आपल्यातले जे डॉक्टर आहेत त्यांना आकडा लागतो, म्हणून एक देतो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या ३,६३५ लोकांची बारा वर्षांची माहिती त्यांनी तपासली. पुस्तकं वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे तेवीस महिने अधिक जगले असं त्यात दिसलं. शिक्षण, पैसा, आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही. यावरून वाचनानंच आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. लेथवर काम केलेल्या माणसाला माप आणि अंदाज यांतला फरक कळतो. इंग्लंडमध्ये २०१३पासून डॉक्टर सौम्य नैराश्य किंवा चिंता असलेल्या रुग्णांना चिठ्ठीवर पुस्तकंही सुचवतात आणि ती सार्वजनिक ग्रंथालयात मिळतात. लिव्हरपूलकडे तर आठवड्यातून एकदा जमून मोठ्यानं वाचायचे गट आहेत. म्हणजे आपल्या ऑफ तासाला तिकडे आता रीतसर मान मिळालाय.

आता जे बोलायचं होतं ते बोलतो. बरा झाल्यावर सहा महिन्यांनी मी मित्राला विचारलं, तुला कळलं कसं? तो म्हणाला, “तू वर्गाच्या ग्रुपवर दीड महिना काही टाकलं नव्हतंस. एरवी सकाळी सहाला तुझं सुप्रभात यायचं. एकदा चुकलो होतो, पुन्हा चुकायचं नव्हतं.”

तो कुणाबद्दल बोलत होता ते या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. आपल्या तुकडीतले चार जण आज नाहीत. तिघांना आपण मघाशी श्रद्धांजली वाहिली तेव्हा त्यांच्या आजारांचा उल्लेख झाला. चौथ्याचं नाव घेतलं आणि आपण पटकन पुढे गेलो. तोही ग्रुपवर कित्येक महिने गप्प होता. गॅदरिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं हसणारा मुलगा गप्प झाला आणि माझ्यासकट एकालाही फोन करावासा वाटला नाही. आम्हाला वाटलं, कामात असेल. तोही वाचणारा होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. साने गुरुजींनी लाखो मुलांना माया दिली आणि १९५० साली स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. तेव्हा वाचणारा माणूस, लिहिणारा माणूस आतून सुरक्षित असतो, या भ्रमात कुणी राहू नका.

म्हणून कुणाला झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. लाज वाटत असेल तर निदान १४४१६ हा नंबर फिरवा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२मध्ये सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ता फोनमध्ये घालून ठेवा, मी थांबतो... घातला?

साडेनऊचा फोन अजून चालू आहे. रोज नाही, बुधवारी आणि शनिवारी. दोघांचे आता नऊ जण झालोत. एकजण दुबईहून येतो, एक बहीण सोलापूरहून नातवाला मांडीवर झोपवत ऐकते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ झालं, चिं. वि. जोशींचा चिमणराव झाला. वाचायची पाळी प्रत्येकावर येते, फक्त ज्याला नको असेल त्याला आग्रह नाही. कॅमेरा बंद ठेवायचा असा नियम आहे. गेल्या महिन्यात मी वाचत असताना कुणीतरी घोरायला लागलं. मी ते माझं यश समजतो. तिसऱ्यांदा कुणी न कळवता आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. एवढंच. चौकशी करायची नाही, फक्त कुठपर्यंत वाचून झालं ते सांगायचं.

बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. यायचं असेल त्यानं नंबर लिहून जावा. पुढचं पुस्तक अजून ठरलेलं नाही, कारण ते आम्ही ग्रंथालयाच्या सरांवर सोपवायचं ठरवलंय. सर, येत्या शनिवारी साडेनऊला फोन करतो. पहिलं पान तुम्हीच वाचायचं. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तुम्ही मघाशी नकार दिलात, ते मी ऐकलं. मोठ्या टायपातली प्रत मी शुक्रवारी घरी आणून देतो.