भुलीतला गारठा

कामगाराला थंडी वाजली तर तो निदान कुरकुर करतो. भूल दिलेल्या रोग्याला तीही सोय नाही. भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातली ऊब हातापायांकडे जाते आणि पहिल्या तासातच शरीर आतून अंशभर निवते. आतड्यांच्या शस्त्रक्रियेचे 200 रोगी पाहून 1996 साली डॉक्टरांनी दाखवले, की ऊबदार राखलेल्यांत शेकडा 6 जणांच्या जखमा चिघळल्या, गारठलेल्यांत 19 जणांच्या. मुक्कामही अडीच दिवसांनी लांबला. अडीच रोज बुडणे म्हणजे काय, हे आमच्या घरच्या बायांना विचारा! अन्ननलिकेत बारीक तापमापक सोडून पारा 36 अंशांखाली उतरू द्यायचा नाही, वर गरम हवेचे पांघरूण, एवढेच काम. तो आकडा रोग्याच्या कागदावर लिहा, अशी मागणी आम्ही एका रुग्णालयाकडे केली आहे. उत्तर यायचे आहे.