दिवा लागला म्हणजे काम झालं नव्हे

होळी झाली की यवतमाळ जिल्ह्यात माळ्यावरचे कूलर खाली येतात. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की वणी, पांढरकवड्याकडे कूलरशिवाय रात्र निघत नाही. नवा वाळा भरला जातो, पंप तपासला जातो, पत्र्याला रंग लागतो. मात्र कूलरची पिन ज्या सॉकेटमध्ये जाते, त्याच्या मागे काय आहे हे कोणी पाहत नाही. आणि मग विदर्भातल्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात ती बातमी येते : कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का लागून मृत्यू. म्हणून आज घराच्या वायरिंगबद्दल बोलू या.

आपला जिल्हा सागवानाचा. जुन्या घरांत वायरीही सागवानी पट्टीवरून गेलेल्या दिसतात. हे वायरिंग झालं तेव्हा घरात चार दिवे आणि एखादा पंखा असायचा. आज त्याच वायरींवर फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर आणि कूलर चालतो. रबरी आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे पुष्कळदा वायरच नसते. काही ठिकाणी ते भोक आतून न्यूट्रलला जोडून टाकतात. हे तर अधिकच घातक. न्यूट्रल कुठे तुटली, तर कूलरच्या पत्र्यातच वीज उतरते.

ते तिसरं भोक अर्थिंगचं. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जावी, ही त्यामागची योजना. त्यासाठी अंगणात खड्डा घेऊन पाइप किंवा प्लेट पुरतात. भोवतालची माती ओली असेल तरच हा मार्ग नीट चालतो. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, आणि कूलर नेमका तेव्हाच चालतो. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. पाण्याची टंचाई असेल तर भांडी विसळलेलं पाणीही चालेल.

‘आमच्याकडे एमसीबी आहे,’ असं पुष्कळजण सांगतात. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवते. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एक अँपिअरच्याही आत असतो; १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. जीव जायला मात्र तेवढा पुरतो. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी हे वेगळं उपकरण लागतं. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं घ्यावं. वीज भलत्या वाटेनं गळू लागली, की ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. ‘सारखं पडतं’ म्हणून ते काढून टाकू नका. कुठे तरी गळती आहे किंवा न्यूट्रल चुकीची जोडली आहे, हेच ते सांगत असतं.

नवं वायरिंग करताना काम परवानाधारक ठेकेदाराकडे द्या आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या तारतंत्र्याकडेही परवाना आहे का ते पाहा. वायर आयएसआय चिन्हाची, तांब्याची घ्या. दिव्यांना साधारण दीड, सॉकेटला अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर लागते. हिरवी वायर अर्थिंगची. ती प्रत्येक सॉकेटपर्यंत गेलीच पाहिजे. भिंतीतले पाइप प्लास्टरनं बुजण्यापूर्वी स्वतः पाहून घ्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर पुढे खिळा ठोकतानाही उपयोगी पडतील.

आता तपासणी. बटण दाबलं, दिवा लागला, की आपण पैसे देऊन मोकळे होतो. पण अर्थिंग नसतानाही दिवा तसाच लागतो! म्हणून चार गोष्टी तारतंत्र्याकडून समोर करून घ्या. पहिली, मेन स्विच बंद करून, सगळी उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरनं वायरींचं आवरण तपासणं. आकडा एक मेगओहमच्या खाली चालणार नाही. दुसरी, प्रत्येक बटण फेजवरच आहे ना, आणि मोठं भोक वर धरलं असता सॉकेटच्या उजव्या भोकातच फेज येते ना, हे पाहणं. तिसरी, अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा रोध मोजणं. तो जितका कमी तितका चांगला. चौथी, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहणं. हे बटण पुढे महिन्यातून एकदा तुम्हीच दाबा. मात्र त्यानं अर्थिंग तपासलं जात नाही, हे विसरू नका.

नवीन वीजजोडणी घेताना ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल महावितरणला द्यावा लागतो. जुन्या घराचं वायरिंग बदलतानाही तसाच अहवाल स्वतःसाठी मागा. त्यात हे आकडे लिहिलेले असू द्या आणि तो हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

आणि वायरिंग जुनं असो वा नवं, कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायची, हा नियम घरातल्या लेकरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)