ठाण्यात एकटे जाऊ नका
(उमरखेड येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी पऱ्हाटीवर बोलतो, आज पोलीस ठाण्यावर बोलणार आहे. रस्ता रोको झाला की चार दिवसांनी गावात निरोप येतो, 'साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.' आपला गडी वखर सोडून तसाच एकटा निघतो.

एकदा अशाच निरोपावर मीच एका तरुण कार्यकर्त्याला म्हणालो, 'जाऊन ये, खरे ते सांग, काही होत नाही.' त्याने खरे ते सांगितले आणि पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली. काठ्या त्यानेच काढून दिल्या, असा तो पंचनामा होता. हे त्याला कोर्टात कळले. सल्ला माझा होता, वर्षानुवर्षे तारखा त्याने भोगल्या.

आता कायदा ऐका. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे २० व्या कलमात आहे. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकच्या ठाण्यात चौकशीला बोलावले. त्यांनी उत्तरे नाकारली, खटला झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चौकशीच्या वेळी आरोपीने वकील मागितला तर नाकारू नये. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. आपली काय कथा!

आपल्याच राज्यातले पाहा. १९८२ साली पत्रकार शीला बर्से मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांना भेटल्या. पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्सेंच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आदेश दिला, की कोणालाही अटक करून कोठडीत नेले की पोलिसांनी जवळच्या कायदा साहाय्य समितीला लगेच कळवावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८ सांगते, की अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र चौकशीभर नाही. हक्क अर्धाच आहे. पण अर्धी भाकरी कोणी फेकून देतो का? पहिल्या प्रश्नाआधीच भेट मागा.

आता करायचे काय?

एक. तोंडी निरोपावर जाऊ नका, लेखी नोटीस मागा. आरोपी म्हणून बोलावले की साक्षीदार म्हणून, ते तिच्यात पाहा. नोटीस आली की मात्र टाळू नका, नाहीतर अटकेला निमित्त मिळते. साक्षीदार म्हणून बोलावणे असेल, तर बायांना, साठीवरच्या म्हाताऱ्यांना, अपंगांना आणि गंभीर आजाऱ्यांना ठाण्यात यायची सक्ती नाही. त्यांचा जबाब घरी घ्यावा लागतो.

दोन. वकील हवा, हे लेखी द्या आणि पोच घ्या. वकील नसेल तर निदान गावचा एक माणूस बाहेर थांबवा. किती वाजता आत गेलात, ते त्याने लिहून ठेवावे.

तीन. साक्षीदाराला खरे सांगावेच लागते, पण ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू, ते देण्याची सक्ती नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही. पंचनामा वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, सही किंवा अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

चार. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा, वकील नसेल तर तिथेच मागा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवेचा फोन आहे १५१००.

कोणी म्हणेल, 'वकील नेला तर साहेबाला वाटेल, ह्याच्या मनात काळंबेरं आहे.' अरे, बियाण्याचे पक्के बिल मागताना तुम्ही दुकानदाराला चोर म्हणता का? उगवण झाली नाही तर तक्रारीला पुरावा हवा, म्हणून मागता. हेही तसेच.

आज गावी गेल्यावर एवढेच करा. ठाण्यात सोबत जातील अशी दोन माणसे ठरवा आणि एका वकिलाचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. पुढच्या निरोपाला आपला गडी एकटा निघता कामा नये.