लाजेपायी लपविलेले दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त कर्जत येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या समारंभात कर्करोगासारखा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. गाणी, खेळ आणि हळदीकुंकू यांच्या पंक्तीला तो शोभत नाही, हे खरे. परंतु ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत, त्या बोलण्यासाठीच तर मंडळ असते. म्हणून आज आतड्याच्या कर्करोगाविषयी चार शब्द बोलावयाचे मी ठरविले आहे. मात्र आधी, कर्करोगाच्या संशोधनाचा आपल्या देशात ज्यांनी पाया घातला, त्यांच्यापैकी एका मराठी बाईची ओळख करून देते.

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यास झाला. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी पेशींचा अभ्यास निवडला आणि एका गणितज्ञाशी विवाह केला. संसारासाठी मुंबईला गेल्या आणि तेथे टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी कशा वाढवाव्यात, ही विद्या तेथे शिकून त्या परत आल्या व भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. स्तनाचा, रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग का व कसा होतो, याचा शोध त्यांनी उंदरांसारख्या प्राण्यांवर प्रयोग करून घेतला. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या बाई आपल्या जिल्ह्यातही आल्या होत्या. अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि खेड्यांतल्या बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगितल्या. रोगाचे मूळ पुष्कळदा घरात, चुलीपाशी आणि सवयींत असते, हे जाणणाऱ्या त्या शास्त्रज्ञ होत्या.

ही दृष्टी त्यांचे गुरू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचीही होती. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगाने शरीराच्या आत काय बिघडते ते पाहणारे. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा १९४१ पासून त्यांच्याकडे होत्या. तंबाखू व चुना ओठाआड धरणाऱ्यांना नेमका तेथेच कर्करोग होतो. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला काचत राहिली, तर क्वचित त्या जागीही होतो, हे त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. कर्करोग म्हणजे केवळ नशिबाचा फेरा नव्हे. त्याला कारणे असतात, आणि तो होण्यास काळ लागतो, हा त्यातला मोठा धडा.

हाच धडा आतड्याला लागू पडतो. आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते आणि त्याचा शेवट गुदाशयात होतो. त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी लहानसा मांसल कोंब उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. पण काहींतल्या पेशी हळूहळू ताळतंत्र सोडतात, आणि त्यांचा कर्करोग होण्यास पुष्कळदा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. एवढी मुदत क्वचितच कोणता शत्रू देतो! या मुदतीत दुर्बिणीने कोंब काढून टाकला, तर पुढचा रोगच टळतो.

रोग झाला आहे की नाही, हे मात्र नाडी पाहून किंवा वरून पोट दाबून कळत नाही. दुर्बिणीतून मांसाचा बारीकसा तुकडा काढतात. तो औषधात टिकवून मेणात बसवितात. मग यंत्राने त्याचे इतके पातळ काप करतात की एका मिलिमीटरात अडीचशे मावावेत! त्यांना जांभळा व गुलाबी रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी अस्तरातल्या पेशी विणकामाच्या टाक्यांसारख्या ओळीने बसलेल्या दिसतात. रोगात टाके विसकटतात. विकृतिशास्त्रज्ञ रोग्याला बहुधा भेटतही नाही, पण पुढचा सारा उपचार त्याच्या शब्दावर ठरतो.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स या विकृतिशास्त्रज्ञाने शस्त्रक्रियेत काढलेली अशी आतडी वर्षानुवर्षे तपासली आणि १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. रोग आतड्याच्या भिंतीतच असणे ही पहिली, भिंत ओलांडणे ही दुसरी, आणि जवळच्या लसिकाग्रंथींत शिरणे ही तिसरी. पहिल्या पायरीवर सापडलेले रोगी बहुतेक बरे होत. तिसरीवर सापडलेल्यांपैकी थोडेच. आज उपचार पुष्कळ सुधारले आहेत, तरी मूळ हिशेब तोच आहे. जितके लवकर, तितके बरे.

कोणी म्हणेल, हा शहरातल्या लोकांचा रोग. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. शेजारच्या बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. मुंबईच्या मानाने तिकडे आतड्याचा कर्करोग कमी आढळतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळी यांतला चोथा आणि अंगमेहनत ही आतड्याला हितकारक आहेतच. पण भाकरीच्या जागी मैद्याचे पदार्थ आले, बसणे वाढले, वजन वाढले, तंबाखू व दारू सुटली नाही, तर गावात राहिल्याचा लाभ किती दिवस पुरणार? शिवाय कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. ज्या घरात आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, त्या घराने तर वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता मुख्य गोष्ट. शौचावाटे रक्त जाते, हे आपल्यातली किती बाई घरात सांगते? नवऱ्याला सांगवत नाही, सुनेला सांगायचे कसे, आणि डॉक्टर पुरुष असले तर बोलणेच खुंटले. मग आपल्या मनानेच मूळव्याध ठरवायची, भिंतीवरची जाहिरात वाचून पुडी आणायची आणि महिने काढायचे. रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचेच असते, म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु ते कशाचे आहे, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही. मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा रोग होत नाही, असाही काही नियम नाही.

शौचाची नेहमीची सवय बदलून काही आठवडे लोटले, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब होऊ लागले, कारणाशिवाय वजन उतरले, तर दाखवावे. आणि एक खूण खास बायकांसाठी. अंगावरचे जाणे थांबून वर्षे झाली, तरीही रक्त कमी भरते, धाप लागते, चेहरा पांढरा पडतो. तेव्हा नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. रक्त कोठे जात आहे, हे डॉक्टरांना विचारावे. डोळ्यांना न दिसणारे रक्त शौचाच्या साध्या तपासणीत सापडते. आपल्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवावे; दुर्बिणीची गरज पडली, तर ते अहिल्यानगरला किंवा पुण्याला पाठवितील. खर्चाच्या भीतीनेही थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात. तिची चौकशी रुग्णालयातच करावी.

कमलताईंसारख्या बायकांनी प्रयोगशाळेत आयुष्ये वेचली. त्या ज्ञानाचा उपयोग व्हायचा, तर आधी दुखणे तोंडाने सांगितले गेले पाहिजे. न सांगितलेले दुखणे कोणत्याच सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. एखादीला एकटीने दवाखान्यात जाण्याची लाज वाटत असेल, तर तिच्याबरोबर जाणाऱ्या दोघी भगिनी मंडळाने आजच ठरवाव्यात. त्यांनी जे ऐकले, ते त्यांच्यापाशीच राहावे. वर्षभरात एका जरी बाईचे दुखणे त्यामुळे वेळीच कळले, तरी या मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.